दुसऱ्याच्या हातांनी पारखलेलं

टेबलावर पांढरा कागद अंथरलेला. वर दोन ट्यूबलाइट. हाताशी शिंप्याची टेप, स्टीलची पट्टी, भिंग, कात्री, वजनकाटा आणि स्टँडला अडकवलेला फोन. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात हे टेबल सकाळी दहाला सुरू होतं. सहारचं कार्गो टर्मिनल इथून जवळ, त्यामुळे बोलताना मधेच विमानाच्या आवाजापुरतं थांबावं लागतं.

इथे तपासणी करणाऱ्या ताईंनी एक पाकीट फोडलं. आत लहान मुलाचा जरीकाठी कुर्ता आणि शिवलेलं धोतर. कुर्ता त्यांनी आधी उलटा केला. ‘सुलट बाजू दुकानदारानं फोटोत दाखवलेलीच असते,’ त्या म्हणाल्या. काखेतल्या शिवणीवर दोन्ही अंगठे टेकवून हलका ताण दिला, टाके उघडत नाहीत ना ते पाहिलं. एकेक बटण पिळून बघितलं. गळ्याच्या आतली जरी टोचते का, हे स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून पाहिलं. मग कुर्ता सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत टेप लावली. चौदा इंच, म्हणजे छाती २८. ऑर्डरमध्ये ३० लिहिलेलं. टेपसकट फोटो काढला आणि खाली मजकूर टाइप केला: ‘छाती २ इंच कमी आहे. शिवणीच्या आत कापड सोडलेलं नाही, त्यामुळे वाढवून मिळणार नाही. परत पाठवू का?’

हा कुर्ता न्यू जर्सीतल्या सात वर्षांच्या मुलासाठी होता. तिथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मुलाची आई सकाळी उठून हे वाचणार आणि तिचं उत्तर इथे संध्याकाळी येणार.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘पारख’ हा विषय दिला, तेव्हा मला सराफांच्या आधी हे टेबल सुचलं. कपडा आणि पादत्राण या दोन वस्तू आपण पिढ्यान्‌पिढ्या अंगाला लावून, पायात घालून, चिमटीत धरून घेत आलो. आता त्या न बघता मागवल्या जातात, आणि देशाबाहेर जाणार असतील तर मधल्या कुणीतरी आपल्या वतीनं त्यांना हात लावून बघावं लागतं. त्या हाताला काय कळतं आणि काय कळत नाही, हे मला पाहायचं होतं.

भारतातला पत्ता

परदेशातल्या मराठी घरांना नवरात्र-दिवाळीच्या आधी नऊवारी हवी असते, मुंजीसाठी सोवळं हवं असतं, ढोलताशा पथकासाठी एकसारखे वीस कुर्ते हवे असतात. इथली बरीच दुकानं आणि संकेतस्थळं परदेशी माल पाठवत नाहीत. काही जण भारतीय मोबाइल क्रमांक मागतात, काहींकडे परदेशी कार्ड चालत नाही. म्हणून असे गाळे उभे राहिले. गिऱ्हाइकाला मरोळचा पत्ता आणि एक सांकेतिक क्रमांक मिळतो. सुरतेहून, येवल्याहून, कोल्हापुरातून निघालेली पाकिटं त्या क्रमांकाच्या कप्प्यात जमत जातात आणि शेवटी एका खोक्यातून एकदमच विमानानं जातात. एकत्र पाठवण्याचं कारण सरळ आहे: कुरिअरच्या दरात पहिला अर्धा किलो सगळ्यात महाग असतो, पुढचे स्वस्त पडत जातात.

सुरुवातीला इथे फक्त पाकीट पोचल्याचा फोटो पाठवत. मग गिऱ्हाइकं विचारू लागली, उघडून बघाल का? चुकीचा रंग अटलांटापर्यंत जाऊन उघडकीला यायचा आणि मग त्याचं काहीच करता यायचं नाही. बाराशे रुपयांचा कुर्ता परत पाठवायला त्याहून जास्त भाडं पडतं, शिवाय भारतात परत येणाऱ्या मालाची कस्टमची कागदपत्रं वेगळीच.

यात खरी कोंडी घड्याळाची आहे. पाकीट मरोळला पोचलं की विकणाऱ्याच्या दृष्टीनं माल गिऱ्हाइकाला मिळाला. परत करण्याची मुदत, समजा सात दिवस, त्याच क्षणी सुरू होते. गिऱ्हाईक मात्र बाकीच्या पाच पाकिटांची वाट पाहत असतं. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पण माल ठीक आहे आणि फक्त बसत नाही किंवा आवडला नाही, तर आपल्याकडे सगळं त्या दुकानाच्या धोरणावर. म्हणून ताईंचा नियम असा, की आलेलं पाकीट त्याच दिवशी फोडायचं. सणाच्या आधी तो पाळताना रात्रीचे नऊ वाजतात.

२०२५ मध्ये त्यात अमेरिकेची भर पडली. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना तिथे असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी संपली. त्याच्या दोन दिवस आधी भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं होतं आणि आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. खाजगी कुरिअर शुल्क आधीच भरून घेऊन माल नेतात. म्हणजे चुकीच्या मापाचा कुर्ता गेला तर किंमत गेली, भाडं गेलं आणि त्यावर भरलेला करही गेला. गिऱ्हाइकं आता जास्त प्रश्न विचारतात, आणि ते बरोबरच आहे.

चीनमधली गोदामं

या कामाचा मोठा धंदा झाला तो चीनमध्ये. ताओबाओ हा तिथला बाजार २००३ साली सुरू झाला. तो मुळात चिनी गिऱ्हाइकांसाठी, चिनी भाषेत, चिनी पैशांत. युरोप-अमेरिकेतल्या तरुणांना तिथले कपडे आणि बूट हवे असायचे, म्हणून मधे एजंट आले. एजंट माल विकत घेतो, स्वतःच्या गोदामात मागवतो, उघडून ठरावीक कोनांतून फोटो काढतो, वजन करतो आणि गिऱ्हाइकाच्या खात्यात टाकतो. गिऱ्हाईक घरबसल्या फोटो बघून ठेवा किंवा परत करा असं सांगतं. जास्त पैसे भरले तर शिवणीचा जवळून फोटो, आतल्या तळव्याची लांबी, अंगरख्याची मापं. बुटांची खोकी काढून टाकतात, जाड जॅकेटं हवा शोषून चपटी करतात.

हे तिथे जमलं यात कायद्याचाही हात आहे. मार्च २०१४ पासून चीनमध्ये दूरून घेतलेला बहुतेक माल सात दिवसांत कारण न देता परत करता येतो. गोदामातल्या फोटोला वजन येतं ते या हक्कामुळे, कारण फोटो पाहून नापसंत झालेली वस्तू देशातल्या देशात परत जाऊ शकते. आपल्याकडे तसा सरसकट हक्क असता, तर ताईंचं निम्मं भांडण वाचलं असतं.

त्या व्यवस्थेची काळी बाजूही आहे. तिथून जाणाऱ्या बुटांत नामांकित कंपन्यांच्या नकला फार. एप्रिल २०२४ मध्ये पांडाबाय या मोठ्या एजंट कंपनीच्या गोदामांवर छापे पडले, १६ ब्रँडांच्या तक्रारीवरून. तपासणाऱ्या माणसासमोर अशा वेळी अडचणीचा प्रश्न उभा राहतो. नक्कल किती हुबेहूब आहे हे तपासून देणं हाही त्याच्या कामाचा भाग झाला, तर ती तपासणी कुणाच्या बाजूची? मरोळच्या गाळ्याच्या मालकांनी यावर रेघ ओढली आहे. ब्रँडचं नाव असलेली आणि संशय येणारी वस्तू ते पुढे पाठवत नाहीत, परत घ्या म्हणतात. त्यांची काही गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. मला त्यांचं पटतं.

ऐंशीतले पाच

ताई आधी एका निर्यात कारखान्यात चेकर होत्या. शर्टांची लाइन संपते तिथे फिनिशिंगला उभं राहायचं, धागे कापायचे, डाग बघायचे, खराब निघालेला पीस ‘अल्टर’ म्हणून बाजूला काढायचा. लहान मुलांचे कपडे सुई शोधणाऱ्या यंत्राखालून जायचे, तुटलेल्या सुईचं टोक आत राहू नये म्हणून. खरेदीदाराचा माणूस शेवटी यायचा आणि ढिगातून नमुने उचलायचा.

त्या नमुन्यांचं गणित जगभर एकच चालतं. त्याचं मूळ अमेरिकेच्या लष्करी खरेदीत आहे, आज ते आयएसओ २८५९ या मानकात बसलं आहे. समजा १२०० शर्टांचा माल आहे. त्यातले ८० उचलायचे. कपड्यांच्या धंद्यात नेहमी धरतात त्या अडीच टक्के दोषांच्या पातळीला मोठे दोष पाचपर्यंत निघाले तर माल पास, सहा निघाले तर नापास. म्हणजे पास झालेल्या मालातही काही सदोष शर्ट असणार हे दोन्ही बाजूंना मान्य असतं. दुकानदाराला ते परवडतं, तो खराब शर्ट बाजूला काढून ठेवतो.

मरोळच्या टेबलावर येणारी वस्तू मात्र एकच असते आणि ती एकाच माणसाची असते. इथे ऐंशी-पाचाचा हिशेब लागू पडत नाही. कारखान्यात ताईंनी मानकाप्रमाणे पीस बघितला, इथे त्यांना माणसाप्रमाणे बघावा लागतो. काखेतला उसवलेला टाका नर्तिकेच्या ब्लाउजला घातक. भिंतीवर टांगायच्या शेल्याला तोच चालून जाईल. गिऱ्हाइकानं वस्तू कशासाठी घेतली हे कळलं तर तपासणी अर्धी सोपी होते, म्हणून त्या विचारतात. अर्जावर तसा रकाना नाही. त्यांनी तो स्वतःहून सुरू केला, आणि या गाळ्यात मी पाहिलेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

जोडे आणि खोक्यातली हवा

जोडा आला की आधी दोन्ही पाय बघायचे. डावे दोन निघतात. एक आठ, एक नऊ असंही निघतं. मग आतला तळवा काढून सेंटिमीटरमध्ये मोजायचा, कारण आकड्यांवर विसंबता येत नाही. आपल्याकडचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे. अमेरिकेत पुरुषांचा नंबर त्याहून साधारण एकानं जास्त आणि बायकांचा दोनानं. त्यामुळे नुसतं ‘सात’ म्हटलं तर तीन वेगवेगळे पाय डोळ्यांपुढे येतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं एक लाखाहून जास्त भारतीयांच्या पायांची मापं घेऊन ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली आहे. ती रुळेपर्यंत पट्टीच खरी.

तळाची परीक्षा अंगठ्यानं होते. पॉलियुरेथेनचे तळ न वापरता पडून राहिले तरी हवेतल्या दमटपणानं आतून कुजत जातात. बूट दिसतो कोरा, आणि पायात घातल्यावर तळ भुगा होऊन गळतो. मोठ्या सवलतीत काढलेल्या जुन्या मालात हे फार होतं. ताई लेबलावरची निर्मितीची तारीख शोधतात, मग टाचेजवळ जोरात दाबतात. चिकट लागलं किंवा बारीक भेग उमटली की तो जोडा जात नाही. फोटोत हे कधीच दिसणार नाही.

लेबल आणखी एका कारणासाठी वाचायचं. भारतीय संकेतस्थळावरून घेतलेला बूट चीनमध्ये किंवा व्हिएतनाममध्ये बनलेला असू शकतो, आणि कर लागतो तो माल कुठे बनला त्यावर, कुठून पाठवला त्यावर लागत नाही. कस्टमच्या कागदावर ‘कपडे’ असं मोघम लिहून भागत नाही. धागा कोणता, विणलेलं की होजिअरी, बायकांचं की पुरुषांचं, सगळं लागतं. किंमत कमी दाखवा, अशी विनंती रोज येते आणि रोज नाकारली जाते.

मग वजन. कुरिअर कंपनी प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायची. बुटाचं नेहमीचं खोकं ३४, २२, १३ असं धरा, गुणाकार ९७२४, म्हणजे जवळपास दोन किलो. आत बूट जेमतेम नऊशे ग्रॅमचे. अकराशे ग्रॅम हवेचं भाडं भरायचं. म्हणून खोकं काढतात, मोजे आणि छोटे कपडे बुटांत भरतात म्हणजे आकार टिकतो, आणि जोडा कापडी पिशवीत घालतात. बक्षीस द्यायचा जोडा असेल तर गिऱ्हाईक खोक्यासकट मागतं. तेव्हा आकडे मांडून सांगायचे आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा.

अक्षता, मोरपीस, दिवे

पॅकिंगआधीचा शेवटचा हात मला सगळ्यात मोलाचा वाटला. साडीच्या घडीत दुकानदारानं मायेनं हळद-कुंकवाची पुडी आणि अक्षता ठेवलेल्या असतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत, धान्याचे दाणे आणि बिया तिथे अडकतात. ताई घडी मोडतात, दाणा न्‌ दाणा झटकतात, पुडी काढून ठेवतात आणि काढली असं कळवतात. गोकुळाष्टमीच्या कृष्णाच्या पोशाखात मुकुटाला मोरपीस असतं. मोरपिसांच्या निर्यातीला भारतात बंदी आहे, ते इथेच राहतं. लहान मुलांच्या लुकलुकणाऱ्या बुटांत बॅटरी असते, विमानाला ती आधी जाहीर करावी लागते. पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते, म्हणून टाचेच्या खाचेत आणि पट्ट्याखाली कोरडं फडकं फिरवून सिलिकाची पुडी टाकायची.

चप्पल लाइनमध्ये

मरोळमध्ये एक कोल्हापुरी जोड ‘अल्टर’ म्हणून बाजूला पडलेली पाहिली. शेरा होता: दोन पायांच्या रंगात फरक. तो गाळ्यात नव्यानं लागलेल्या मुलाचा शेरा होता. हा मुलगा आधी यंत्रावरच्या बुटांच्या गोदामात काम करायचा. ताई म्हणाल्या, ‘मला कापडातलं कळतं, चामड्यातलं नाही.’ म्हणून मी कोल्हापूरला गेले. चप्पल लाइन या तिथल्या बाजारात चौकशी केली आणि सुभाषनगरातल्या एका कारागिराच्या घरी पोचले. ओसरीवर बायका चामड्याच्या वेण्या घालत होत्या, आत पुरुष तळ कापत होता.

त्या जोडीचा फोटो दाखवला तर कारागीर म्हणाला, ‘मॅडम, कातडं हाय हे. रंगाचं काय घिऊन बसलाय? दोन्ही वाकवून बघा म्हणावं.’

मग त्यानं दाखवलं. म्हशीच्या कातड्याचा पाठीचा भाग घट्ट आणि पोटाकडचा सैल. चांगला कारागीर दोन्ही पायांचे तळ एकाच भागातून, शेजारीशेजारी कापतो. तसं केलं नसेल तर दोन महिन्यांत एक चप्पल पसरते आणि दुसरी तशीच राहते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं चामडं रंग सारखा घेत नाही, तेल आणि उन्हानं तो पुढे एकसारखा गडद होत जातो. म्हणजे रंगातला फरक निरुपद्रवी आणि वाकण्यातला फरक गंभीर. शेरा नेमका उलटा पडला होता.

तपासायचं काय, याची त्याची यादी तोंडपाठ होती. तळाची कड बघायची, तिथे चामड्याचे थर मोजता आले पाहिजेत. स्वस्त मालात मधे पुठ्ठा दडपलेला असतो. शिवण चामड्याच्या वादीची हवी, खिळा दिसला तर कुणीतरी वेळ वाचवला आहे. अंगठा जिथे तळात शिरतो ती जागा ओढून बघायची, चप्पल पहिली तुटते ती तिथेच. वास घ्यायचा. आणि नवी चप्पल पायाला आवळ बसली पाहिजे, कारण ती सैलावते. परदेशी गिऱ्हाईक नेमकं याच कारणानं एक नंबर मोठा मागतं आणि वर्षभरानं पाय घसरतो म्हणून तक्रार करतं. कारागीर आता कागदावर पायाची आखणी मागवतो, पण शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटोच घेतो. फोन तिरका धरला की पाय अर्धा इंच खोटा होतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या, त्यावरून गदारोळ झाला, आणि त्यानंतर बाहेरून विचारणा वाढली असं दुकानदार सांगत होते. मागणी वाढणार असेल तर मधल्या टेबलावर चामडं जाणणारा माणूस हवाच. नाहीतर चांगल्या जोड्या परत येतील आणि पुठ्ठा भरलेल्या, पण रंग जुळलेल्या जोड्या विमानात चढतील.

पैठणीचंही असंच आहे, फक्त तिथे ताईंना स्वतःला कळतं. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर पाठीमागूनही जवळपास तसाच दिसतो, कारण रंगीत धागे जिथल्या तिथे हातानं गुंतवलेले असतात. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. हातमागाच्या साडीत काठाच्या कडेला बारीक भोकं असतात, मागावर कापड ताणून धरल्याची. ती पाहून एक गिऱ्हाईक साडी नाकारायला निघालं, तेव्हा ताईंनी फोन करून समजावलं. दोन रंगांच्या धाग्यांची धूपछाव साडी एका फोटोत मावत नाही, म्हणून त्या पदर हळूहळू फिरवत व्हिडिओ काढतात. रेशीम आहे की नाही हे धागा जाळून कळतं, केसासारखा वास आणि चुरडणारी राख. पण दुसऱ्याच्या साडीचा धागा त्या विचारल्याशिवाय ओढत नाहीत. सिल्क मार्कचं लेबल असलं तर तेवढ्यावर थांबतात.

मला सगळ्यात खटकलं ते हे, की एवढं कळणाऱ्या माणसाकडे अधिकार काहीच नाही. ताईंच्या कामाचे पैसे फोटोवर मोजले जातात. चार फोटोंचा एक दर, आठांचा दुसरा. ‘शिवणीत कापड सोडलेलं नाही’ या वाक्याचा दर कुठेच नाही, आणि गिऱ्हाइकाला उपयोग होतो तो त्या वाक्याचा. माझ्या मते दर वाक्याचा असावा आणि फोटो त्याला जोडलेला. कोल्हापूरहून आल्यावर मी कारागिरानं सांगितलेलं सगळं त्यांच्यापुढे वाचलं. त्यांनी ते मराठीत लिहून टेबलाच्या वरच्या भिंतीला चिकटवलं आणि नव्या मुलाला दोन्ही तळ वाकवून दाखवायला लावलं.

उत्तर यायच्या आत सदोष वस्तू थांबवायची मुभा त्या मालकांकडे मागत आहेत. लहान मुलांच्या कपड्यांपुरती ती नवरात्राआधी मिळाली: सुई, टोकदार जरी, सुटणारं बटण दिसलं की कुणाला न विचारता पीस थांबवायचा. साड्या आणि चपलांबद्दल मालक अजून तयार नाहीत. गिऱ्हाइकाचा माल आपण कसा अडवायचा, असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणतात, मग निदान माझा शेरा न वाचता ‘पाठवा’चं बटण दाबता येणार नाही, एवढं तरी करा. त्यावर बोलणं चालू आहे.